काम आवडतं तरी सोडते: ओटीच्या सिस्टर का टिकत नाहीत

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच कळेल. नाशकात पाथर्डी फाट्याजवळ 40 बेडचं हॉस्पिटल, तुम्ही ऑर्थो, मॅडम गायनॅक, दोन ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, ओटीला मिळून चार सिस्टर. दोन वर्षांत सात जणी गेल्या. मध्ये सगळ्यांचा पगार 3 हजारांनी वाढवला तरी त्यानंतर दोघी गेल्याच. राजीनाम्यात सगळ्यांनी एकच कारण लिहिलं, "घरगुती अडचण". आणि जाताना डोळ्यात पाणी आणून म्हणाल्या की मॅडम, इथलं काम खूप आवडत होतं. तर तुम्ही विचारताय की आवडत होतं तर मग गेल्या का, आणि अजून पगार वाढवायचा तर किती वाढवायचा.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, ओटीत 26 वर्षं काढली, त्यातली शेवटची 14 इन्चार्ज म्हणून, सगळी नाशकातच. स्वतः दोनदा राजीनामा दिलाय आणि दोन्ही वेळा "घरगुती अडचण" असंच लिहिलं होतं. दोन्ही वेळा घरी काहीही अडचण नव्हती. त्यामुळे तो कागद बाजूला ठेवा, त्यात काही सापडणार नाही.

पहिलं काम हे करा की त्या सात जणी गेल्या कुठे ते एका वहीत लिहा. एखादी सरकारी भरतीत लागली असेल. तिथे अधिपरिचारिकेला एस-13 या वेतनस्तरात 35,400 बेसिक, वर महागाई भत्ता, घरभाडं, रजा आणि रिटायर होईपर्यंतची निश्चिंती, याच्याशी 40 बेडचं हॉस्पिटल स्पर्धा करू शकत नाही, करूही नका, पेढे खा आणि सोडा तिला. एखादी गल्फला गेली असेल, हल्ली जर्मन शिकायच्या क्लासलाही बऱ्याच जणी जातात. एखादी लग्न होऊन संगमनेरला किंवा पुण्याला गेली. ह्या तुमच्या हातातल्या नाहीत. पण जी दोन सिग्नल सोडून पुढच्या हॉस्पिटलला तेवढ्याच पगारावर गेली, किंवा ओटी सोडून वॉर्डला, किंवा नर्सिंगच सोडून घरी बसली, ती तुमच्याकडून गेली. सातातल्या अशा किती ते मोजा. माझा अंदाज चार तरी निघतील.

आता ते "काम आवडत होतं" त्याबद्दल. त्या खोटं बोलत नव्हत्या. हे डॉक्टर लोकांना पटत नाही, पण ओटीचं काम ज्या मुलीला एकदा लागलं तिला दुसरं काही गोड लागत नाही. वॉर्डला बारा-पंधरा पेशंट आणि त्यांचे तीस नातेवाईक, इथे एकच पेशंट आणि तोही झोपलेला. सर्जनने वर न बघता हात पुढे केला आणि त्याला जे हवंय ते न मागता हातात गेलं, याच्यात जी मजा आहे ती सांगून कळत नाही, चांगल्या तबलजीला गवयाची सम आधीच कळावी तसं काहीसं. सिझरचं बाळ रडलं की आपण कितव्या तासाला उभे आहोत ते विसरायला होतं. हर्निया असो की हिप असो, सुरू झालं आणि संपलं, डोळ्यासमोर निकाल. म्हणून ओटीच्या सिस्टरला "कामात समाधान आहे का" असं विचारलं की ती हो म्हणते आणि तुम्ही समजता की म्हणजे ती राहणार. इथेच घोळ होतो. काम आणि नोकरी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काम म्हणजे टेबलाजवळचे ते दोन तास. नोकरी म्हणजे त्याच्या आधीचे आणि नंतरचे, आणि रात्रीचा फोन, आणि रजेचा अर्ज, आणि बदलायला जागा नाही म्हणून ऑटोक्लेव्हच्या (अवजारं वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनच्या) खोलीत दार लावून घातलेले ओटीचे कपडे.

दिंडोरीकडची एक मुलगी होती माझ्या हाताखाली. लॅप्रोला, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनला, तिच्यासारखी स्क्रब (सर्जनच्या हातात अवजारं देणारी सिस्टर) मी पुन्हा पाहिली नाही, कॅमेरा धुक्याने भरायच्या आधी तिच्या हातात गरम पाणी तयार असायचं. तीन वर्षं राहिली आणि मग अंबडला एका कंपनीच्या दवाखान्यात गेली. तिथे काम काय तर कामगाराच्या बोटाला लागलं की पट्टी करायची, बीपी बघायचं, रजिस्टर लिहायचं. पगार तेवढाच, उलट पाचशे रुपये कमीच. मी चिडून विचारलं, अगं तिथे करतेस काय, गंज लागेल तुझ्या हाताला. ती म्हणाली, सिस्टर, साडेपाचला बस येते. एवढंच. साडेपाचला बस येते.

सर, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ह्यात आहे.

तुमच्या ओटीचा दिवस कसा जातो ते मी न बघता सांगते, चुकलं तर सांगा. लिस्टवर पहिली केस 9 ची. सिस्टर 8 ला येऊन ट्रॉली लावते. तुमची ओपीडी लांबते, भूलतज्ज्ञ बाहेरचे, ते सकाळी कॉलेज रोडला एक केस करून, द्वारकेच्या ट्रॅफिकमधून येऊन पोहोचतात तेव्हा साडेअकरा झालेले असतात. शेवटची केस संध्याकाळी साडेसहाला संपते. तुमची संपते, तिची नाही. तुम्ही ग्लोव्ह काढले की तिचा दुसरा भाग सुरू होतो. अवजारं मोजायची, धुवायची, ब्रशने सांधे घासायचे, वाळवायची, सेट पॅक करायचे, ड्रम भरायचे, ऑटोक्लेव्ह लावायचा, 121 डिग्रीला 15 पाउंडवर एक फेरी आणि वर सुकायला वेळ, सॅम्पल असेल तर ते लेबल करून पाठवायचं, मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे) आणि टाके यांचं बिलिंगला लिहून द्यायचं, उद्याच्या इम्प्लांटवाल्याला फोन. साडेआठ होतात. ड्युटी कागदावर 8 ते 4 किंवा 10 ते 6, जी काय असेल ती.

आता हिशोब करा. रोज सरासरी दोन तास जास्त धरले तर 26 दिवसांचे 52 तास. म्हणजे महिन्याला साडेसहा ड्युट्या फुकट. तुम्ही 3 हजार वाढवले, ते 52 ने भागले तर तासाला 58 रुपयेसुद्धा पडत नाहीत. सिस्टर एवढं गणित मांडत नाही, पण शेजारच्या खोलीतली वॉर्डची सिस्टर 4 वाजता पर्स उचलून जाताना रोज दिसते, आणि तेवढं पुरतं.

इथे तुम्ही म्हणाल की सर्जरी आहे, वेळ कशी सांगणार. खरंय, ऑपरेशनची वेळ सांगता येत नाही, पण कोण थांबणार ते सांगता येतं. 4 वाजता चालू केस असली तर कोणत्या सिस्टरने थांबायचं आणि कोणी निघायचं हे महिन्याच्या पहिल्या तारखेला भिंतीवर लावलेलं असावं, म्हणजे आठवड्यातले तीन दिवस तरी तिला पक्कं माहीत असेल की आज मी मुलाला क्लासवरून आणणार. बाकीचे दोन-तीन दिवस ती रात्री नऊपर्यंत आनंदाने थांबते, माझ्या अनुभवात अजिबात कुरकुर नाही. त्रास उशिराचा कमी आणि दुपारी 3 वाजेपर्यंत काहीच माहीत नसण्याचा जास्त असतो. आणि शेवटच्या केसनंतरच्या धुण्या-पॅकिंगला एक प्रशिक्षित मामा किंवा टेक्निशियन द्या, सेट सिस्टर तपासेल पण घासायला तीच नको. ह्या एका माणसाचा पगार तुम्हाला जड वाटेल, पण सात जणींना नव्याने शिकवण्यात दोन वर्षं तुमचं किती गेलं ते एकदा काढून बघा, केस लांबली, भूलतज्ज्ञ वैतागले, मॅडमना स्वतः ट्रॉली बघावी लागली, हे सगळं धरून.

बाँड घेण्याचा विचार करताय असं लिहिलंय तुम्ही. नका घेऊ. मी एका ठिकाणी होते तिथे ओरिजिनल सर्टिफिकेट कपाटात ठेवून घ्यायचे. परिणाम काय व्हायचा तर दोन वर्षं भरली त्या आठवड्यात मुलगी जायची, आणि त्या दोन वर्षांत ती तिथे फक्त शरीराने असायची. आणि कॉलेजमध्ये बातमी पोहोचतेच, म्हाताऱ्या इन्चार्ज सिस्टरपेक्षा मुलींचे व्हॉट्सॲप ग्रुप वेगवान आहेत, मग चांगली मुलगी तुमच्याकडे अर्जच करत नाही.

आता रात्रीचा कॉल. हा विषय मी मुद्दाम सावकाश लिहिते कारण निम्म्या घरांमध्ये भांडण ह्यावरून असतं. चार सिस्टर, त्यातली एक रजेवर आणि एक नवीन, म्हणजे प्रत्यक्षात दोघी आलटून पालटून, एक दिवसाआड कॉल. मुंबई-आग्रा हायवे जवळ, घोटीकडून किंवा पिंपळगावकडून ॲक्सिडेंट येतो, पेठ-सुरगाण्याकडून अडलेली बाई येते. रात्री 2 ला फोन. सिटीलिंकची बस त्या वेळी नाही, रिक्षावाला सिडकोतून यायचे म्हणेल ते घेतो, नाहीतर नवरा उठतो आणि बाईकवर सोडतो, त्याची स्वतःची सातपूरला सकाळी 7 ची शिफ्ट असते. म्हणजे तुमच्या ओटीला एक बिनपगारी ड्रायव्हर आहे सर, तुम्ही त्याला कधी पाहिलेलं नाही, आणि राजीनाम्याचा निर्णय बहुतेक वेळा तोच घेतो. केस पहाटे साडेचारला संपते, आवरून 6, आणि 8 ची ड्युटी आहेच. मग ती घरी जातच नाही, रिकव्हरीच्या बाकावर आडवी होते. आणि अशा सिस्टरच्या हातात तुम्ही सकाळी टीकेआरची, म्हणजे गुडघा बदलायच्या ऑपरेशनची, ट्रॉली देता.

ह्याला माझा अनुभव असा की तीन गोष्टी करायच्या आणि त्यात कंजुषी करायची नाही. रात्री 12 नंतर कॉलला आली की दुसऱ्या दिवशी सुट्टी, "बघू, लिस्ट हलकी असली तर जा" असं नाही, सुट्टी म्हणजे सुट्टी. येण्याजाण्याची गाडी हॉस्पिटलची, नाहीतर रिक्षाचे पैसे त्याच रात्री रिसेप्शनवरून हातात, महिनाअखेरीला व्हाऊचर भरून नाही. आणि कॉल आला नाही तरी ज्या रात्री ती स्टँडबाय आहे त्या रात्रीचे थोडे पैसे, कारण त्या रात्री ती माहेरी जाऊ शकत नाही, लग्नाला जाऊ शकत नाही, फोन उशाशी घेऊन झोपते. मी इन्चार्ज असताना हे तिसरं मंजूर करून घ्यायला मला दीड वर्ष लागलं, मॅनेजमेंट म्हणे कामच केलं नाही तर पैसे कसले. मी म्हटलं अग्निशमन दलाचा बंब उभा असतो तेव्हा ड्रायव्हरला पगार देता ना.

माणसं किती लागतात हेही एकदा नीट मोजा. चालू टेबलाला दोन सिस्टर, एक स्क्रब आणि एक सर्क्युलेटिंग (लागेल ते सामान आणून देणारी), हे काही मी सांगायला नको. दोन टेबलं म्हणजे चार, आणि तुमच्याकडे चारच आहेत, म्हणून तुम्हाला वाटतं स्टाफ पूर्ण आहे. पण वर्षाचे 365 दिवस, त्यातून 52 वीकली ऑफ आणि सगळ्या मिळून साधारण 30 रजा वजा केल्या तर एक माणूस 283 दिवस मिळतो. 365 भागिले 283, म्हणजे एका जागेला जवळपास 1.3 माणसं. चार जागांना पाच पूर्णांक काहीतरी, आणि कॉलनंतरची सुट्टी धरली तर सहा. चारवर चालवलं तर प्रत्येकीची रजा ही दुसरीची डबल ड्युटी असते, म्हणून त्या एकमेकींशी भांडतात आणि तुम्हाला वाटतं बायकांचं पटत नाही.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या 168 हॉस्पिटलांवरचा एक मोठा अभ्यास 2002 मध्ये आला होता, त्यात दिसलं की नर्समागे एक पेशंट वाढला की तिची दमून जळून जाण्याची (बर्नआउट) शक्यता 23 टक्क्यांनी आणि नोकरीवर नाराज होण्याची 15 टक्क्यांनी वाढते, आणि पेशंट दगावण्याची 7 टक्क्यांनी. तो वॉर्डचा अभ्यास आहे, ओटीचा नाही, पण कमी माणसांत काम ओढलं की काय होतं ते कळायला पुरेसा आहे. आणि ओटीला ह्यात एक वेगळाच छळ आहे. लिस्ट हलकी असली की ओटीच्या सिस्टरला वॉर्डला पाठवतात, कॅज्युअल्टीला बसवतात. वॉर्डची सिस्टर मात्र ओटीत कधी येत नाही कारण तिला ते येत नाही. हे "जरा खाली जाऊन ये" जे आहे ना, त्याने मी पाच तरी चांगल्या मुली गमावल्यात. रिकामा वेळ दिसला म्हणून पोटात दुखतं मालकांच्या. त्या रिकाम्या वेळात ती सेट तपासते, एक्सपायरी बघते, नवीन मुलीला नावं शिकवते, ते दिसत नाही.

बरं, आता तुम्हाला आवडणार नाही असं लिहिते, आधीच माफी मागते. ओटीत आवाज कोण चढवतं? तुमच्याबद्दल मला माहीत नाही, पण ऑर्थोवाले सर्जन अवजार फेकतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि नंतर बाहेर येऊन तेच सर "चहा घेतला का सिस्टर" असं इतकं प्रेमाने विचारतात की राग कुठे ठेवायचा कळत नाही. नवी मुलगी मात्र ते प्रेम बघायला थांबत नाही. तिला आयुष्यात पहिल्यांदा सहा माणसांसमोर अक्कल नाही असं ऐकवलेलं असतं आणि ती हातात ट्रे धरून उभी असते, रडताही येत नाही, मास्क ओला होतो.

एकदा माझ्या मोजणीत एक मॉप कमी भरला. पोटाची केस, रात्रीची, सर्जन दमलेले, म्हणाले तुझं मोजायचं चुकलं असेल, बंद करतो. मी म्हटलं सर, मी सुई देणार नाही. ते जे बोलले ते इथे लिहीत नाही. वीस मिनिटं शोधलं, कचऱ्याची बादली उलटी केली, मॉप सापडला ड्रेपच्या घडीत चिकटलेला. पोटात नव्हताच. म्हणजे सर्जन बरोबर होते एका अर्थाने. पण तो पोटात राहिला असता तर पोलीस स्टेशनला माझं नाव गेलं असतं, सही माझी असते. दुसऱ्या दिवशी मेट्रनने मला बोलावलं तेव्हा वाटलं आता शाबासकी, तर म्हणाल्या जरा सांभाळून घेत जा, मोठे सर आहेत. माझा पहिला राजीनामा त्या आठवड्यातला. घरगुती अडचण.

तर सर, मोजणी जुळली नाही तर केस थांबेल, सर्जन कोणीही असो, हे तुम्ही स्वतः सगळ्यांसमोर एकदा बोलून टाका, आणि मग पाळा. डब्ल्यूएचओची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट 2008 ची आहे, 19 मुद्दे, तीन थांबे, भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट बाहेर जाण्याआधी. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत, त्यात एक दिल्लीचं, ती वापरून पाहिली तर मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आले, कॉम्प्लिकेशन 11 वरून 7 वर. आपल्याकडे काय होतं? केस संपल्यावर सिस्टर एकटी बसून सगळ्या टिका मारते, एनएबीएचवाले (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारे) तपासायला येणार असतील तर मागच्या महिन्याच्याही. तो कागद खरं तर सिस्टरच्या बाजूचा आहे. चीर देण्याआधी अर्धा मिनिट सगळे थांबतात, प्रत्येकजण आपलं नाव सांगतो, सिस्टर मोठ्याने बोलते की स्टरिलिटी ओके, इम्प्लांट आलेला आहे. ज्या खोलीत रोज सकाळी तिने आपलं नाव मोठ्याने उच्चारलेलं असतं त्या खोलीत दुपारी "सर, एक मॉप कमी आहे" हे म्हणायला जीभ जड होत नाही. मी हे दोन ठिकाणी पाहिलंय. खर्च शून्य.

शिकवण्याबद्दल. नवीन मुलगी आली की तिला सर्क्युलेटिंगला टाकतात, जा हे आण, ते आण, आणि कुणी नाव सांगत नाही. पुस्तकातलं नाव वेगळं, इथे प्रत्येक सर्जनचं लाडकं नाव वेगळं, एक सर एखाद्या क्लॅम्पला "तो माझा वाकडा" म्हणायचे, आता तो वाकडा कोणता हे कॉलेजमध्ये कुठे शिकवतात. माझ्या कपाटात एक वही असायची, प्रत्येक सर्जनचं एक पान. ग्लोव्ह साडेसात की सात, कुठल्या थराला कुठला टाका, ड्रेनचा नंबर, कोणाला गाणी लागतात, कोणाला खपत नाहीत. नवीन मुलीला पहिल्या दिवशी ती वही द्यायची. साध्या सिझर-हर्नियाला नीट उभं राहायला सहा महिने लागतात आणि मोठ्या जॉइंटला दीड-दोन वर्षं, ह्या काळात तिच्यासोबत ठरलेली एकच सीनियर हवी, रोज बदलणारी नको. बहुतेक जणी पहिल्या सहा महिन्यांतच जातात, तुमच्या सातांच्या तारखा बघा. आणि जी तीन वर्षं राहिली तिला पुढे काय? इंडियन नर्सिंग काउन्सिलचा ऑपरेशन रूम नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, पण तो केला काय न केला काय, खाजगीत पगारात फरक काही नाही, मग कोण कशाला करेल. फरक ठेवा. सीनियर सिस्टर, ऑर्थो सेटची प्रमुख, असं काहीतरी पद आणि सोबत पैसे. नुसतं पद देऊन उपयोग नाही, बिनपैशाचं पद म्हणजे जास्त कामाचं पत्र.

पैशावरून आठवलं, मी पगाराला कमी लेखत नाहीये बरं का. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2016 मध्ये सांगितल्यावर केंद्राने समिती नेमली होती, तिने शिफारस केली की 50 बेडच्या आतल्या खाजगी हॉस्पिटलांत नर्सला महिना 20 हजारांच्या खाली नको, 50 ते 100 बेडना सरकारी पगारापेक्षा 25 टक्क्यांहून जास्त कमी नको, आणि मोठ्यांना त्याहून कडक. तुमचं 40 बेडचं, म्हणजे पहिल्या गटात. आणि ते 20 हजार 2016 चे होते, तेव्हाची तूरडाळ आणि आत्ताचं घरभाडं बघून तुम्हीच ठरवा. पगार कमी असला तर बाकी मी लिहिलेलं काहीही चालणार नाही, पगार बरा असला तर ह्यातलं सगळं चालेल, एवढाच त्याचा रोल आहे. पीएफ कापत नसाल तर कापा, मुली सुरुवातीला हातात कमी येतं म्हणून तोंड वाकडं करतात पण सगळ्यात जास्त टिकलेल्या मी पीएफवाल्या ठिकाणीच पाहिल्या.

शरीराचं थोडक्यात लिहिते. तुमची ऑर्थोची ओटी म्हणजे सी-आर्म, ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशीन, रोज. पाच-सहा किलोचा लेड एप्रन घालून तीन तास उभं राहिलं की कंबर बोलते. अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा टीएलडी बॅज किती जणींना आहे? बऱ्याच ठिकाणी एकच बॅज असतो आणि तोही ड्रॉवरमध्ये, तीन महिन्यांनी लॅबला जातो, रिपोर्ट शून्य, सगळे खूश. मर्यादा पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला 20 मिलीसीव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही, आणि गरोदर सिस्टरचं तर सगळंच वेगळं. तिने सांगितल्यापासून बाळापर्यंत 1 मिलीसीव्हर्टच्या वर जाता कामा नये. पण ती सांगतच नाही, कारण सांगितलं तर "आता ओटीला कोण" असा चेहरा होतो सगळ्यांचा. मॅडम स्वतः गायनॅक आहेत, त्यांनी एकदा सगळ्यांना बसवून सांगावं की कळलं त्या दिवशी येऊन सांग, सी-आर्मच्या केसमधून बाहेर, ड्युटी कुठलीही जाणार नाही. आणि 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा 2017 पासून कायद्यात आहे, ती मागावी लागू नये. बाळंतपणानंतर परत आलेल्या सिस्टरला पहिले सहा महिने फक्त सकाळची ड्युटी, कॉल नाही, असं मी चौघींना दिलं होतं, बाकीच्यांनी नाकं मुरडली, मी म्हटलं तुमचीही वेळ येईल. त्या चौघींपैकी तिघी मी सोडलं तेव्हाही तिथेच होत्या.

बदलायची खोली द्या, कडी असलेली. आणि जेवणाचं. सर्जन्ससाठी मिसळ येते तेव्हा सिस्टरसाठीही येते का, की ओटीच्या दारात उरलेला रस्सा आणि दोन पाव? नाशिकमध्ये राहून मिसळीवरून माणसं तोडू नयेत. हे हसण्यासारखं वाटेल पण दोन केसच्या मध्ये वीस मिनिटं कोणीतरी सोडवायला आलं आणि बसून जेवता आलं ही गोष्ट मुली दुसऱ्या हॉस्पिटलच्या मैत्रिणीला फोन करून सांगतात.

ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, ठेवावेत का असं पण विचारलंय तुम्ही. ठेवा, रात्रीचं येणंजाणं सोपं होतं, ऑर्थोला ताकदही लागते, पण मुलगा आहे म्हणजे टिकेल हा भ्रम आहे, सरकारी भरती आणि गल्फ त्यांनाही दिसतंच.

एक मात्र आत्ताच बघून ठेवा. 2027 चा सिंहस्थ. 2015 च्या पर्वणीला रस्ते बंद होते, आम्ही तीन दिवस हॉस्पिटलमध्येच झोपलो, घरून डबे भावाने पायी आणून दिले. त्या आधी दोन महिने सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या होत्या, कोणी विचारलं नाही की कोणाला कधी चालेल. पर्वण्या संपल्यावर आमच्या ओटीतून महिनाभरात तिघींनी राजीनामे दिले. तुम्ही रोस्टर आत्ताच चौघींसोबत बसून करा, कोण राहणार, कोणाला त्या बदल्यात नंतर सलग आठ दिवस मिळणार, लिहून.

आणि त्या सात जणींपैकी जी दोन सिग्नल पुढे गेली, तिला फोन करा. तुम्ही नको, मॅडमही नको, तुमच्याकडची सगळ्यात जुनी मावशी असेल तिला करू दे. संध्याकाळी 8 नंतर करायला सांगा. उचलला आणि घरून बोलत असली तर कळेलच तुम्हाला.